असीरगडची हकीकत आणि स्पेनमधील पिकारोची कैफियत

(१)

खानदेशच्या इतिहासाचा अभ्यास करणारांस असीरगडच्या वेढ्याची हकीकत विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. इ. स. १६०० च्या वसंतऋतूंत अकबर बऱ्हाणपुरास येऊन पोहोंचला. फारुकी घराण्यांतील शेवटचा राजा बहादुरशहा असीरगडाचा आश्रय करून बसला. त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत तो गडाखालीं उतरला, त्यास परत जाऊं दिलें नाहीं, आणि १६०१ च्या जानेवारींत गड मोगलांच्या हातीं गेला. दोनशें वर्षांवर चाललेलें थाळनेर-बऱ्हाणपूरचें राज्य येणेंप्रमाणें बुडालें, व शाहजादा दानियाल याच्या नांवावरून या प्रांतास कांहीं काळ ‘दानदेश’ हें नांव मिळालें. असीरगड आज मध्यप्रदेशांतील बऱ्हाणपूर जिल्ह्यांत मोडतो. तथापि तेथें जें घडलें त्यानें आजच्या धुळें व जळगांव जिल्ह्यांचा धनी बदलला. म्हणून तो प्रश्न आमच्या घरचाच आहे.

गड पडला कसा, हा तो प्रश्न. त्याचीं दोन उत्तरें आपणांपुढें आहेत. मोगल दरबारच्या फारशी लेखकांच्या मतें गडांत रोगराई माजली, माणसें पटापट मरूं लागलीं, आणि आंतील लोकांचा धीर खचला. जेझुइट पाद्र्यांच्या हकीकतींत रोगाचें नांव नाहीं. अकबरानें शपथपूर्वक अभय देऊन बहादुरशहास खालीं बोलाविलें, शपथ मोडून त्यास अडकवून ठेविलें, आणि पुढें गडावरील मंडळींस सोनें चारून दरवाजे उघडविले, असें ती हकीकत सांगते. व्हिन्सेंट स्मिथ यांनीं १९१७ सालच्या आपल्या अकबर-चरित्रांत ही दुसरी बाजू उचलून धरली. पुढें १९२६ सालीं सी. एच्. पेन यांनीं स्मिथ यांच्या निष्कर्षावर आक्षेप घेतले. तेव्हांपासून जो तो आपल्या कलाप्रमाणें एक हकीकत खरी व दुसरी खोटी असें म्हणत आला आहे.

प्रस्तुत लेखांत या वादाचा निकाल लावण्याचा आव नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, दोहोंपैकीं पाश्चात्य हकीकत ज्या देशांतल्या माणसाच्या नांवावर सांगितली जाते, त्या देशांत नेमक्या त्याच काळीं ‘मी स्वतः पाहिलें, मी स्वतः भोगलें’ अशा थाटानें लिहिण्याचा प्रघात शिगेस पोहोंचला होता. तो प्रघात सरकारी चौकशीच्या कागदांतून निघाला होता. आणि त्यांतूनच एक नवा वाङ्मयप्रकार जन्मास आला. तो ध्यानीं घेतल्यावांचून ती हकीकत वाचणें म्हणजे कागदाची पाठ न पाहतां तोंड तेवढें वाचण्यासारखें आहे.

(२)

इ. स. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगाल व स्पेन यांवर एकाच राजाची सत्ता होती. त्यामुळें असीरगडास वेढा पडला तेव्हां गोवें, चौल व वसई येथील फिरंग्यांचा धनी स्पेनचा तिसरा फिलिप हा होता. अकबराच्या छावणींत त्यावेळीं जेरोम झेवियर नांवाचा जेझुइट पाद्री हजर होता. तो जातीनें पोर्तुगीज नव्हे. स्पेनच्या उत्तरेकडील नव्हार प्रांतांत १५४९ सालीं त्याचा जन्म झाला, आणि सेंट फ्रान्सिस झेवियर हा त्याच्या आजीचा भाऊ. १५९५ सालीं तो लाहोरास अकबराच्या दरबारीं आला, फारशी शिकला, त्या भाषेंत ख्रिस्तचरित्र लिहिलें, व १६१७ सालीं गोव्यास वारला. असीरगडची हकीकत त्याच्या पत्रांवरून आली असें मानतात. परंतु आपण वाचतों तो मजकूर त्याचा स्वदस्तूरचा नव्हे. पाद्र्यांचीं पत्रें युरोपांत जात, तेथें त्यांचे गोषवारे होत. पोर्तुगालांत फेर्नाव ग्वेरेइरो यानें १६०३ पासून असे गोषवारे छापण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या आधारें पियेर दु जारिक या फ्रेंच पाद्र्यानें आपला मोठा ग्रंथ रचिला. मूळ, नक्कल व नकलेची नक्कल हा भेद आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां याच वर्षांत स्पेनमध्यें काय चाललें होतें तें पाहूं. १५९९ सालीं, म्हणजे अकबर दक्षिणेच्या मोहिमेस निघाला त्या सालीं, मातेओ आलेमान याच्या ‘गुस्मान दे आल्फाराचे’ या कादंबरीचा पहिला भाग निघाला. दुसरा १६०४ सालीं. १६०५ सालीं सेर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’चा पूर्वार्ध निघाला. लोपे दे व्हेगा याचीं नाटकें माद्रिदच्या चौकांत प्रेक्षकांची रीघ लावीत होतीं, आणि नायकाच्या मागें हिंडणारा पोटभरू, भित्रा पण चतुर नोकर त्या नाटकांत हटकून असे; आमच्या तमाशांतील सोंगाड्याचा तो लांबचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. हाच नोकर जेव्हां आपल्या जन्माची कथा आपल्या तोंडानें सांगूं लागतो, तेव्हां त्यास स्पॅनिश भाषेंत ‘पिकारो’ म्हणतात. घर ना दार, आज या धन्याकडे तर उद्यां त्या, पोटासाठीं लबाडी करणारा, आणि धन्यांची लबाडी आंतून पाहिलेला असा हा भटक्या इसम होय.

(३)

या प्रकारचें मूळ पुस्तक ‘लासारियो दे तोर्मेस’ हें १५५४ सालीं निघालें. कर्त्याचें नांव नाहीं. त्या एका सालांतल्या चार निरनिराळ्या आवृत्ती आज ज्ञात आहेत: बुर्गोस, आल्काला, अँटवर्प व मेदिना देल काम्पो. यांपैकीं शेवटची कशी सांपडली ती हकीकत संग्राहकांनीं ऐकण्यासारखी आहे. १९९२ सालीं स्पेनच्या पश्चिम सरहद्दीजवळील बार्कारोता या गांवीं एका जुन्या घराची दुरुस्ती चालली असतां भिंतींत चिणून ठेविलेलीं दहा छापील पुस्तकें व एक हस्तलिखित हातीं लागलें. धर्मसभेच्या भीतीनें कोणीं तरी तीं लपविलीं असावींत असें मानतात. या ‘लासारियो’वर १५५९ सालीं बंदी आली होती, पुढें १५७३ सालीं कांटछांट करून तें छापावयास मोकळीक मिळाली. चार शतकें भिंतींत राहून पुस्तक टिकलें. उघड्यावर असतें तर जळालें असतें.

कथा थोडक्यांत अशी. तोर्मेस नदीवरील एका पाणचक्कींत जन्मलेला हा पोरगा. बाप धान्याच्या पोत्यांत चोरी करतांना सांपडून शिक्षा पावलेला. आई त्यास एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हवालीं करते. तेथून पुढें एक कृपण पाद्री, एक उपाशी पण अब्रूदार शिलेदार, पापमुक्तीचीं पत्रें विकणारा एक ठक, असे धनी बदलत बदलत तो तोलेदो शहरांत सरकारी दवंडी पिटणारा होतो. एका बड्या पाद्र्याच्या मोलकरणीशीं त्याचें लग्न होतें, आणि त्या पाद्र्याच्या व तिच्या संबंधाविषयीं गांवांत कुजबूज चालते.

येथवर हें कोणत्याही लोककथेसारखें वाटेल. परंतु खुबी निराळी आहे. हें सर्व लासारियो आपखुषीनें सांगत नाहीं. कोणा एका थोर अधिकाऱ्यानें त्यास ‘त्या प्रकरणा’चा खुलासा लिहून पाठवावयास सांगितलें आहे, आणि त्या मागणीचें उत्तर म्हणून तो जन्मापासूनचा पाढा वाचतो. प्रकरण म्हणजे बायको व पाद्री यांची भानगड. ती कशी सुरू झाली एवढें विचारलें असतां हा गृहस्थ नदी, पाणचक्की, बाप, आंधळा भिकारी येथपासून आरंभ करतो. कारण आपण आज जें सोसतों तें कां सोसतों, हें त्यास आधींच्या उपासमारीवरून सिद्ध करावयाचें आहे.

ज्यांनीं आमच्या देशमुख-देशपांड्यांचे, पाटील-कुळकर्ण्यांचे वतनी कागद चाळले आहेत त्यांस हा घाट ओळखीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. ही कैफियत आहे. हा करीना आहे. वतनाची तक्रार पडली म्हणजे गोतसभेपुढें वा सरकारांत वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत. प्रश्न असावा मानपानाचा किंवा शिवेच्या एका बांधाचा. उत्तर मात्र मूळ पुरुषापासून, बादशाही अमलापासून, दुष्काळांत कोण परागंदा झाला व कोणीं गांव वसविला येथपासून. आजचा हक्क कालच्या हकीकतींतून उभा करावयाचा, ही त्यांतील युक्ति. जेधे करीन्यासारखे कागद आपण इतिहासाचें साधन म्हणून मोलाचे मानतों, आणि तें योग्यच आहे. पण ते साधन म्हणून लिहिले गेले नव्हते, हक्काचें रक्षण म्हणून लिहिले गेले होते, हेंही तितकेंच खरें.

(४)

स्पेनमधील हा वाङ्मयप्रकार चौकशीच्या कागदांतून निघाला, हें केवळ साम्यावरून आम्ही म्हणत नाहीं. त्यास कागदोपत्रीं आधार आहे.

पहिला आधार आलेमानचा. हा लेखक होण्यापूर्वीं सरकारी हिशेबखात्यांत होता. १५९३ सालीं त्यास आल्मादेन येथील पाऱ्याच्या खाणींवर चौकशी अधिकारी म्हणून पाठविण्यांत आलें. शिक्षा झालेले कैदी तेथें सक्तीनें राबविले जात, आणि पाऱ्याच्या वाफेनें त्यांचे हाल होत. आलेमाननें त्या कैद्यांच्या एकेकाच्या जबान्या घेतल्या. तो चौकशीचा कागद आज उपलब्ध व प्रसिद्ध आहे. त्यानंतर सहा वर्षांनीं त्याची कादंबरी निघाली, आणि तिचा नायक गुस्मान आपलें चरित्र लिहितो तो सरकारी गलबतावर वल्हीं मारण्याची शिक्षा भोगणारा कैदी म्हणून! ज्यानें जबान्या उतरून घेतल्या त्यानेंच पुढें जबानी रचिली.

दुसरा आधार सेर्व्हांतेसचा. १५७५ सालीं चांचांनीं त्यास समुद्रावर धरून आल्जीर शहरीं नेलें, आणि पांच वर्षें तो तेथें बंदींत राहिला. १५८० सालीं खंडणी भरून सुटका झाल्यावर, स्वदेशीं परतण्यापूर्वीं, त्यानें तेथेंच आपल्या वर्तनाविषयीं एक साक्षीपत्र करविलें. पंचवीस प्रश्न काढिले व बारा साक्षीदारांकडून त्यांचीं उत्तरें लिहून घेतलीं. आमच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यानें आपला महजर करून घेतला. दहा वर्षांनीं अमेरिकेंतील एखादी जागा मिळावी म्हणून त्यानें अर्ज केला, तेव्हां हा कागद त्यास जोडला. अर्ज नामंजूर झाला, पण कागद सेव्हिलच्या दप्तरांत राहून वांचला. अर्जदाराची निराशा पुष्कळदां इतिहासाचा लाभ ठरते.

असा महजर करविणाऱ्या माणसास महजराची नाडी ठाऊक असणारच. त्याचें ‘लोस बान्योस दे आर्हेल’ म्हणजे आल्जीरच्या बंदिखान्यांविषयीचें नाटक १६१५ सालीं छापलें गेलें. त्यांत हासेन नांवाचा एक धर्मांतर केलेला ख्रिस्ती आहे. त्यास स्वदेशीं व स्वधर्मांत परत जावयाचें आहे. त्यासाठीं तो ख्रिस्ती कैद्यांकडून, आपण त्यांस चांगलें वागविलें, अशा आशयाच्या कागदावर सह्या घेतो. ‘दोन किहोते’ मधील बंदिवानाच्या कथेंतही या दाखल्यांचा उल्लेख आहे, आणि तेथें सेर्व्हांतेस स्पष्ट सुचवितो कीं, कांहीं लोक असे दाखले खऱ्या पश्चात्तापानें घेत, तर कांहीं केवळ वेळेस उपयोगी पडावे म्हणून जवळ बाळगीत. कागद एकच, सह्या त्याच; हेतु मात्र दोन. कागद अस्सल असणें व त्यांतील माणूस अस्सल असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें दप्तरी सत्य त्यानें रंगभूमीवर मांडिलें.

(५)

हें सर्व मनांत ठेवून आतां असीरगडाकडे परत येऊं. कारण जेझुइट हकीकतींत नेमका हाच धर्मांतरित फिरंगी येऊन उभा राहतो. गडांत सात पोर्तुगीज होते, त्यांनीं आपला धर्म सोडिला होता, तोफांचा बंदोबस्त त्यांजकडे होता, असें ती हकीकत सांगते. गड पडल्यावर ते अकबराच्या हातीं सांपडले. झेवियरनें त्यांस मागून घेतलें व पुन्हां स्वधर्मांत आणिलें. दुसरीकडे अकबरानें झेवियरास, चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा व दारूगोळा मागवून द्यावा, अशी गळ घातली असतां पाद्र्यानें नकार दिला व बादशहाचा रोष पत्करला, असेंही तींत आहे.

ही पत्रें कोणास लिहिलीं जात होतीं? संघाच्या वरिष्ठांस. कशाचें उत्तर म्हणून? मोगल दरबारीं इतकीं वर्षें राहून तुम्हीं काय साधिलें, या प्रश्नाचें. तो प्रश्न प्रत्येक पत्रांत लिहिलेला नसला तरी प्रत्येक पत्राच्या पाठीवर आहे असें समजावें. त्या दृष्टीनें पाहतां हकीकतीचा घाट उलगडतो. आपले लोक ज्या तोफांवर उभे होते तो गड शौर्यानें पडणें शक्य नव्हतें, सोन्यानेंच पडला. बादशहा शपथ मोडणारा होता, म्हणजे त्याच्या धर्मांतराची आशा फळली नाहीं यांत पाद्र्यांचा दोष नव्हे. आणि निदान सात आत्मे तरी परत मिळाले. शिवाय एक बारीक गोष्ट. याच हकीकतींत गडांत नजरकैदेंत ठेविलेले राजपुत्रही सातच सांगितले आहेत. सात राजपुत्र व सात फिरंगी: आंकडा असा जुळून आला म्हणजे मोजदाद करणाऱ्यापेक्षां गोष्ट सांगणाऱ्याचा हात त्यांत अधिक, असा संशय घेणें प्राप्त आहे.

परंतु म्हणून हकीकत टाकाऊ ठरत नाहीं. आपल्याच जातीचे लोक धर्म सोडून मुसलमान राजाची चाकरी करीत होते, ही कबुली सांगणाराच्या सोयीची नाहीं. तेव्हां आंकडा कांहींही असो, गडांत फिरंगी गोलंदाज होते एवढें मानावयास ती पुरेशी आहे. कैफियतींतील जो भाग देणाराच्या दाव्यास पोषक तो तोलून घ्यावा, जो अडचणीचा तो जपून ठेवावा, हा नियम वतनी कागदांस लागू तसाच येथेंही लागू.

हाच नियम फारशी बाजूसही लावणें न्यायाचें होईल. अबुल् फज्ल स्वतः या मोहिमेंत होता, तोही प्रत्यक्षदर्शीच. परंतु तो ज्या धन्यास उत्तर देत होता त्याच्यापुढें बादशहाच्या इक्बालानें, म्हणजे दैवी भाग्यानें, गड पडला हेंच सांगणें शोभणारें होतें. आणि रोगराई ही इक्बालाची सोयीस्कर दूती आहे. शपथ व सोनें यांस त्या घाटांत जागा नाहीं. दोन्ही हकीकती जेथें जुळतात तेवढी भुई मात्र घट्ट आहे: बहादुरशहा आपण होऊन खालीं आला, परत गेला नाहीं, आणि तो खालीं अडकल्यावरही गड लगेच हातीं आला नाहीं. राजा ताब्यांत असतां गड लढत राहिला, हें फारुकी राज्याच्या अखेरीचें खरें वैशिष्ट्य. रोग कीं लांच, या वादांत तेंच मागें पडत आलें आहे.

(६)

पिकारोची ही चाल पुढें फिरत फिरत आमच्या दारीं आली, तें सांगून लेख आटोपतों. लेसाज या फ्रेंच लेखकानें १७१५ ते १७३५ या काळांत स्पॅनिश धर्तीवर ‘जिल ब्लास’ ही कादंबरी रचिली. तिच्या अनुकरणाची लाट इंग्लंडांत उसळली. आणि १८२६ सालीं लंडनास ‘पांडुरंग हरि’ नांवाची तीन भागांची कादंबरी निनांवी निघाली. कर्ता विल्यम ब्राउन हॉकली, मुंबई इलाख्याचा मुलकी नोकर. टाकलेला पोर, नाना धन्यांची चाकरी, तुरुंग, लुटारूंच्या टोळ्या, आणि शेवटीं भाग्योदय: सगळा साचा स्पेनचा, वेष मात्र पेशवाईच्या अखेरचा. एका हिंदु गृहस्थानें दिलेल्या हस्तलिखिताचें हें भाषांतर, अशी बतावणीही प्रास्ताविकांत आहे. सर बार्टल फ्रियर यांच्या प्रस्तावनेसह हें पुस्तक १८७३ सालीं पुन्हां छापलें गेलें.

सांपडलेल्या हस्तलिखिताची ही बतावणीही जुनीच. तोलेदोच्या बाजारांत एक पोरगा रेशमाच्या व्यापाऱ्यास जुन्या वह्या रद्दीच्या भावानें विकीत असतां त्यांत अरबी लिपींतील आपल्या नायकाचा इतिहास मिळाला, असें सेर्व्हांतेस ‘दोन किहोते’च्या नवव्या अध्यायांत सांगतो. वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास निघालेले कागद ज्यांनीं सोडवून आणिले आहेत त्यांस तें वाचून हसूंही येईल व थोडें दुःखही होईल. भेद एवढाच कीं, सेर्व्हांतेस ही बतावणी आहे हें वाचकास कळूं देतो. हॉकलीच्या पुस्तकांत ती खऱ्याच्या जागीं बसूं पाहते. पेंढारी, भिल्ल व अरब यांच्या हालचालींनीं गजबजलेल्या १८१८ च्या सुमारच्या खानदेशाविषयीं लिहितांना असल्या पुस्तकांतील रंग इतिहासांत न कळत मिसळूं देऊं नये.

(७)

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं दप्तरांइतकाच कादंबरीचाही विचार केला, आणि १९०२ सालीं त्या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें त्यांचा अंत झाला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच गांवीं त्यांचे कागद सांभाळून आहे. त्यांचा मार्ग पुसूं पाहणाऱ्या आम्हां संग्राहकांस या स्पॅनिश प्रकरणापासून एकच धडा घ्यावयाचा आहे. कैफियत, करीना, तकरीर, जबानी हे कागद छापतांना ज्या हुकुमाचें वा प्रश्नाचें तें उत्तर आहे तो हुकूमही शोधून सोबत छापावा. पाठीवरील शेरा, लिहिणाराचें नांव, साक्षीदारांची यादी व कागद कोणापुढें गेला याची नोंद गाळूं नये. मजकुरांतील घरगुती रडगाणें म्हणून जो भाग संक्षेपांत उडविला जातो, त्यांतच पुष्कळ वेळां सांगणाराची गरज दडलेली असते. लासारियोला कोणीं विचारलें, हें पहिल्या पानावर राहिलें म्हणून त्याचें सांगणें आज नीट कळतें. आमच्या दप्तरांतील किती लासारियोंचें तें पहिलें पान वाळवीनें खाल्लें, आणि कितींचें आम्हींच अनावश्यक समजून बाजूस ठेविलें, याचा ज्यानें त्यानें आपल्या रुमालांपुरता विचार करावा. असीरगडासारखे प्रश्न अशाच गाळलेल्या पानांमुळें शतकानुशतकें लोंबकळत राहतात.